निवडीचा रविवार

कोण कशास पात्र आहे हे ठरविण्याइतके रुचकर काम जगात दुसरे नसेल. आणि ते दुसऱ्याविषयी ठरवावयाचे असले म्हणजे तर त्याच्या रुचीस पारावारच नाही. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटाचा मान कोणाचा येथपासून साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोणास मिळावे येथपर्यंत असे वाद घालण्यात मराठी माणसाने जितका काळ घालविला आहे, तितक्या काळात त्याने खुद्द साहित्यच लिहिले असते तर संमेलनाचा मांडव अपुरा पडला असता. आम्ही स्वतः तीस वर्षे अध्यापनाच्या व्यवसायात आहो. या अवधीत ज्या निवड-समित्यांवर आम्ही बसलो, त्यांची गणना आता आमच्याच्याने होणार नाही. निवडलेले लोक आम्हांस विसरले, हे आम्ही रीतीस धरूनच मानतो. न निवडलेले मात्र आम्हांस विसरले नाहीत, हे समजण्यास आम्हांस सात समुद्रांपलीकडे जावे लागले.

२०२५ सालच्या मार्च महिन्यात आम्ही सहकुटुंब अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॉर्गनटाउन या गावी होतो. कन्येचे बाळंतपण हे निमित्त. जावई तेथील विद्यापीठात संशोधन करतात. गाव डोंगरांच्या कुशीत, मोनोंगहीला नदीच्या काठी वसलेले आहे, आणि विद्यापीठ वजा केल्यास त्यात फारसे काही उरणार नाही. बाळंतपणात पुरुषाचा उपयोग किती असतो हे सुज्ञ वाचकांस सांगणे नको. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतल्यावर आमच्याकडे दोनच कामे उरली : नातीस मांडीवर घेऊन बसणे, आणि जावयांबरोबर बास्केटबॉलचे सामने पाहणे.

या खेळाशी आमचा पूर्वपरिचय बेताचाच होता. आमच्या कॉलेजच्या मागील पटांगणात त्याचे दोन खांब उभे आहेत. पैकी एकास कडे आहे व दुसऱ्यास नाही, त्यामुळे आमचे विद्यार्थी एकाच बाजूने खेळतात आणि कोणीच हरत नाही. अमेरिकेत मात्र या खेळाची प्रतिष्ठा निराळी आहे. १८९१ सालच्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या एका व्यायामशिक्षकाने, थंडीमुळे कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांस काही तरी उद्योग द्यावा म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जास अडकविल्या व तेरा नियम लिहून काढले. त्या टोपल्यांतून आज केवढा संसार बाहेर पडला आहे ! वरिष्ठ श्रेणीत खेळणारी कॉलेजेच साडेतीनशेंहून अधिक आहेत, आणि मार्च महिना लागला की त्या साऱ्या राष्ट्रास एकच प्रश्न पडतो : राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण कोणास येणार ?

ही स्पर्धा १९३९ साली अवघ्या आठ संघांनिशी सुरू झाली. २०२५ साली तीत अडुसष्ट संघांस जागा होती. त्यांपैकी एकतीस जागा निरनिराळ्या प्रादेशिक संघटनांच्या विजेत्यांस आपोआप मिळाल्या. तेथे वादास जागा नाही. उरलेल्या सदतीस जागा बारा जणांची एक समिती आपल्या मताने भरते. इतकेच नव्हे, तर निवडलेल्या सर्व संघांस ती क्रम लावते, चार विभागांत वाटते, आणि प्रत्येक विभागात पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत मानांकन देते. पहिल्याने सोळाव्याशी खेळावयाचे, आठव्याने नवव्याशी. वरचे मानांकन म्हणजे सोपा प्रतिस्पर्धी. खालचे म्हणजे पहिल्याच दिवशी गजराजाशी गाठ. ही यादी ज्या रविवारी जाहीर होते, त्यास तेथे ‘निवडीचा रविवार’ म्हणतात. आमच्याकडे जसा निकालाचा दिवस.

या रविवारापूर्वीचे दोन आठवडे आम्ही जो वाद ऐकला, त्याने आमच्या मनातील अध्यापक जागा झाला. वाद वरवर पाहता आकड्यांचा आहे. परंतु त्याचे मूळ एका जुन्या भेदात आहे. उत्तम कोण, हा एक प्रश्न; पात्र कोण, हा दुसरा. एखादा विद्यार्थी बुद्धीने उत्तम असतो, पण वर्षभर त्याने काही केलेले नसते. दुसरा मध्यम असतो, पण जे केले ते घाम गाळून केलेले असते. शिष्यवृत्ती एकच असेल तर ती कोणास द्यावी ? आम्ही तीस वर्षांत हा प्रश्न सोडविला नाही, फक्त दर वर्षी उत्तर दिले. अमेरिकन लोकांनी त्यावर एक यंत्र बसविले आहे. १९८१ पासून ते एका सूत्राने संघांची प्रतवारी लावीत. २०१८ साली ते सूत्र टाकून त्यांनी ‘नेट’ नावाचे नवे सूत्र आणले. शिवाय प्रत्येक सामन्याचे वजन चार पायऱ्यांत मोजले जाते. पहिल्या तीस संघांपैकी एकास आपल्या घरच्या मैदानावर हरविले तर ती पहिल्या पायरीची जीत. परक्या मैदानावर मात्र पहिल्या पंचाहत्तरांतील कोणासही हरविले तरी जीत त्याच पायरीची. परगावी जाऊन जिंकणे अधिक कठीण, हे तत्त्व सासरी नांदलेल्या कोणत्याही स्त्रीस पटेल.

तथापि यंत्राने वाद मिटत नाही. त्यास दारूगोळा मात्र मिळतो. आमच्या जावयांपाशी तो भरपूर होता. वेस्ट व्हर्जिनियाने त्या वर्षी एकोणीस सामने जिंकले होते व तेरा गमावले होते. पण त्या एकोणिसांत काय काय होते ! बहामा बेटांवर गॉन्झागा व अ‍ॅरिझोना यांस त्यांनी जादा वेळेत हरविले होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी कॅन्सासच्या घरी जाऊन कॅन्सासला एका गुणाने लोळविले होते. पहिल्या पायरीच्या सोळा सामन्यांपैकी सहा जिंकलेले. आणि हे सारे, संघातील मुख्य खेळाडू आठच सामने खेळून जायबंदी झाला असताना ! हा खेळाडू प्रशिक्षकांचाच मुलगा होता, ही गोष्ट जावयांनी सहज सांगितली. आम्ही ती मनात टिपून ठेवली.

“आणि शेवटचा सामना ?” आम्ही विचारले. परीक्षकाची सवय सुटत नाही.

जावई क्षणभर थांबले. “शेवटी कोलोराडोकडून हरलो, बाबा. तो आमच्या संघटनेतला सर्वांत खालचा संघ. पण एका सामन्यावरून का वर्षाची परीक्षा करायची ?”

आम्ही काही बोललो नाही. एका पेपरावरून आयुष्याची परीक्षा करण्यात आमची हयात गेली आहे.

मार्चची सोळा तारीख, संध्याकाळचे सहा वाजले. बाहेर पावसाची भुरभुर. दिवाणखान्यात आम्ही, जावई, त्यांचे दोन सहकारी, आणि कोपऱ्यातील खुर्चीत नातीस घेऊन बसलेली कन्या. ती संख्याशास्त्र शिकलेली. या वादात तिने एरवी दोन वाक्यांत सर्वांस गप्प केले असते. त्या दिवशी ती नुसती पाहत होती. एकेका विभागाचे संघ पडद्यावर येऊ लागले. प्रत्येक नावासरशी कोठल्या तरी दूरच्या सभागृहात मुले नाचताना दिसत. चौथा विभाग संपला. वेस्ट व्हर्जिनियाचे नाव आले नाही. पुढे कळले की बाहेर राहिलेल्यांत त्यांचा क्रमांक पहिला होता. आणि आत गेलेल्या शेवटच्या चौघांत होते टेक्सस, झेव्हियर, सॅन डिएगो स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना.

या शेवटच्या नावाने दिवाणखान्यात ठिणगी पडली. नॉर्थ कॅरोलायनाने पहिल्या पायरीचे तेरा सामने खेळून एकच जिंकला होता. संगणकाच्या यादीत ते वेस्ट व्हर्जिनियाच्या बरेच वर होते, हे खरे. एकूण बावीस सामने त्यांनी जिंकले होते, हेही खरे. पण खरी ठिणगी आकड्यांची नव्हती. निवड-समितीचे त्या वर्षीचे अध्यक्ष नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचेच क्रीडासंचालक होते !

नियम याही प्रसंगास आहे. ज्या सभासदाच्या संस्थेचा विचार चालू असेल, त्याने त्या वेळी खोलीत थांबावयाचे नाही. त्याप्रमाणे अध्यक्ष बाहेर गेले होते, आणि त्या संघाविषयीचे खुलासे उपाध्यक्षांनी केले. कायद्याने सारे यथास्थित झाले होते. तरी दुसऱ्या दिवशी राज्याच्या गव्हर्नरांनी पत्रकार बोलावून चौकशीची भाषा केली. एका खेळाच्या आमंत्रणासाठी राज्याचा मुख्य अधिकारी वार्ताहरांपुढे उभा राहतो, हे पाहून आम्हांस प्रथम हसू आले. मग वाटले, चंद्रमौळी गावाचा एवढा एकच झेंडा असेल तर त्यासाठी कोणी का उभे राहू नये?

त्या रविवारी रात्री पाहुणे गेल्यावरही जावयांचा राग गेला नव्हता. “खोलीबाहेर गेला म्हणे !” ते म्हणाले. “माणूस बाहेर गेला, पण त्याची खुर्ची आतच होती ना ? आत उरलेल्या अकरा जणांना उद्या त्याच्याबरोबर काम करायचेच होते.”

आम्ही न्यायाची बाजू घेतली. नियम पाळला गेला असता हेतूवर शंका घेणे बरे नव्हे. बाहेर जाण्यापलीकडे प्रामाणिक माणसाने आणखी करावे तरी काय, असे काहीसे आम्ही म्हणालो असू. त्यावर कोपऱ्यातून कन्येचा आवाज आला. तो अगदी शांत होता.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही पण बाहेर गेला होता.”

वाचकांस ही हकीकत सांगितली पाहिजे. २०१३ साली आमची कन्या आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षात होती. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी दोघांचा संघ पाठवावयाचा होता, इच्छुक सहा. निवड-समितीत आम्ही तिघे, आणि अध्यक्ष आम्ही. प्राथमिक फेरी झाली. कन्येस आम्ही गुण दिले नाहीत, म्हणून सर्वांच्या बाबतीत इतर दोघा परीक्षकांचेच गुण धरावयाचे ठरले. मग अंतिम विचारासाठी समिती बसली, आणि कन्येचे नाव येताच आम्ही उठलो. दाराशी थांबून आम्ही म्हणालो, “माझी भीड मुळीच धरू नका.” एवढे बोलून आम्ही व्हरांड्यात जाऊन पाण्याच्या नळापाशी उभे राहिलो. दहा मिनिटांनी आत बोलावणे आले. कन्येचे नाव गळले होते. एका मुलाचा ‘अनुभव’ अधिक होता, असे कारण नोंदले गेले.

त्या दिवशी आम्हांस वाईट वाटले असे लिहिले तर ते खोटे होईल. आम्हांस अभिमान वाटला. प्राध्यापकांच्या खोलीत चार जणांनी आमच्या निःस्पृहतेची वाखाणणी केली, ती आम्ही मान खाली घालून, परंतु कान टवकारून ऐकली. घरी आल्यावर कन्येस एवढेच सांगितले, की समितीचा निर्णय आहे, मी खोलीत नव्हतो. तिने मान डोलावली, जेवण केले, आणि त्यानंतर ती पुन्हा कोणत्याही व्यासपीठावर उभी राहिली नाही. आम्ही समजलो, अभ्यास वाढला असेल.

आता मॉर्गनटाउनच्या त्या खोलीत, मांडीवरच्या मुलीस थोपटीत, ती आम्हांस विचारीत होती, “माझे गुण किती होते, बाबा ? तुम्हाला ठाऊक असणारच.”

आम्हांस ठाऊक होते. बेरजेचा कागद आमच्याच हातचा होता. जागा दोन होत्या. तिचा क्रमांक दुसरा होता. ज्या मुलास घेतले तो तिच्याहून तीन गुणांनी मागे होता. हे आम्ही बारा वर्षांत तिला, तिच्या आईला, किंबहुना स्वतःलाही कधी सांगितले नव्हते. त्या क्षणी आम्हांस आणखीही एक गोष्ट दिसली, आणि ती अधिक लाजिरवाणी होती. आमच्या दोघा सहकाऱ्यांनी अन्याय केला असे म्हणावे, तर तो त्यांच्याकडून आम्हीच करवून घेतला होता. ‘माझी भीड धरू नका’ असे अध्यक्ष सांगून गेल्यावर भीड धरली नाही हे सिद्ध करण्यास त्यांच्यापुढे मार्ग कोणता होता ? मुलीस घेतले असते तर कॉलेजभर कुजबूज झाली असती. गाळले तर तिघांच्याही निःस्पृहतेवर शिक्का बसत होता. ते वाक्य आम्ही तिच्यासाठी नव्हे, आपल्या कीर्तीसाठी उच्चारले होते. जावई म्हणत होते ते अक्षरशः खरे : आम्ही बाहेर गेलो, आमची खुर्ची आतच राहिली. फरक एवढाच, की अशा खुर्चीचा भार कधी एका पारड्यात पडतो, कधी दुसऱ्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या वेळी तो कोणत्या पारड्यात पडला, किंवा पडलाच नाही, हे त्या बंद खोलीतील लोक जाणोत. आमचा मात्र कोठे पडला हे आम्ही जाणतो.

“दुसरी होतीस,” आम्ही म्हणालो. “तीन गुणांनी.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटायचं, मी पाचवी-सहावी असेन. इतके दिवस मला वाटायचं, मला बोलताच येत नव्हतं.”

बस्, एवढेच. ती रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

पुढील आठवड्यात स्पर्धा सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायनाने सॅन डिएगो स्टेटला सत्तावीस गुणांनी धुतले. टीकाकारांस उत्तर मिळाले असे पुष्कळांनी म्हटले. तीनच दिवसांनी तो संघ मिसिसिपीकडून हरला, तेव्हा टीकाकारांनी आपले उत्तर काढले. पण याने सिद्ध काय झाले ? २०११ साली व्हर्जिनिया कॉमनवेल्थ या संघाच्या निवडीवर समालोचकांनी कडक टीका केली, आणि तो संघ थेट शेवटच्या चारांत जाऊन पोचला. २०१८ साली सोळाव्या मानांकनाच्या बॉल्टिमोर काउंटीच्या पोरांनी पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियास वीस गुणांनी हरविले. तसे पूर्वी कधी घडले नव्हते. उलट २०२५ साली चारही विभागांतील अव्वल संघच शेवटच्या चारांत आले, जणू समितीस भविष्य कळत होते. आत घेतलेल्यास आपली पात्रता, निदान अपात्रता, सिद्ध करण्यास मैदान मिळते. बाहेर ठेवलेल्यास ते कधीच मिळत नाही. २०२४ साली अठ्ठावीस सामने जिंकून इंडियाना स्टेट घरी राहिले. ते स्पर्धेत काय करते, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. निवडीच्या चुकीचे हेच वैशिष्ट्य आहे, की तिचा पुरावा ती स्वतःच नष्ट करते.

म्हणूनच त्या समितीच्या एका गोष्टीचे आम्हांस कौतुक वाटते. ती आत घेतलेल्या अडुसष्टांचा पुरा क्रम जगापुढे मांडते, आणि दाराशी अडविलेल्या पहिल्या चौघांची नावेही सांगते. तुम्ही गळलात, पण पहिले गळलात. इतके अंतर होते. अमुक सामना जिंकला असता तर आत आला असता. यावर भांडता येते, गव्हर्नरांस सभा भरविता येते, आणि कधी कधी नियमही बदलतात. १९७४ साली मेरीलँडचा बलाढ्य संघ आपल्या संघटनेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत एकशे तीन विरुद्ध शंभर असा हरला, आणि त्या काळी एका संघटनेचा एकच संघ घेत असल्यामुळे घरी बसला. ज्याने त्यास हरविले त्या संघाने त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. हे अंतर साऱ्या देशास दिसले होते. पुढच्याच वर्षी दार रुंद झाले. आमच्या बंद खोलीतील अंतर कोणासच दिसले नाही, म्हणून त्याचे दार तसेच राहिले. आणि एका मुलीने तीन गुणांच्या जागी आपल्या कल्पनेने शंभर गुण मांडून घेतले.

मॉर्गनटाउनमधील दुःखाचा शेवट मात्र काहीसा प्रहसनाच्या वळणाने झाला. निवडीच्या रविवारानंतर दोनच दिवसांनी वेस्ट व्हर्जिनियाचे प्रशिक्षक इंडियाना विद्यापीठाच्या चाकरीस गेले. तो संघही त्या वर्षी दाराशीच अडलेल्या चौघांपैकी होता. पुढे मुलगाही त्यांच्यामागोमाग गेला. जावयांनी कपाळास हात लावला. आम्हांस त्या बापाचा मनातून हेवा वाटला. आपल्या मुलास स्वतः निवडून, त्याच्याबद्दलची कुजबूज उघड्या मैदानात अंगावर घेण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते.

आम्ही मे महिन्यात परतलो. जुलैत कॉलेजात वादविवादाच्या संघाची निवड झाली. रीतीप्रमाणे अध्यक्षपद आमच्याकडेच आले. नावांची यादी फळ्यावर लावावयाची तेव्हा आम्ही सर्व इच्छुकांचे गुण, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, खाली लिहून लावले. एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली : न निवडलेल्या मुलांस उगाच वाईट वाटेल. वाटेल खरे, असे आम्ही म्हणालो, पण जेवढे आहे तेवढेच वाटेल.

तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा दुपारी आला. जागा दोनच होत्या. तो पुष्कळ वेळ फळ्यापुढे उभा होता. आम्ही खोलीच्या दारातून पाहत होतो. शेवटी त्याने खिशातून पेन काढले, आपले व दुसऱ्या क्रमांकाचे गुण तळहातावर लिहून घेतले, ओठ हलवून वजाबाकी केली, आणि तासाला निघून गेला.